पारोळ्याला उतरलेला माणूस

जळगाव-धुळे एसटीत शेजारच्या गृहस्थाने पिशवीतून हार्ड डिस्कची सर्किटं काढली आणि एकेक रुमालाने पुसू लागला. मीही तोच माल विकायला निघालो होतो. माझी पिशवी मी हळूच सीटखाली सरकवली.

"धुयाले मागनी कशी शे, भाऊ?"

आपल्याला धुळ्याचं अख्खं मार्केट पाठ आहे अशा थाटात मी म्हणालो, "शून्य! हार्ड डिस्क आता दुरुस्त करतं कोण?"

त्याने सर्किटं परत नीट गुंडाळली. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "धंदामा इतलं खरं कोनी सांगस नही, भाऊ." आणि परत फिरायला पारोळ्यालाच उतरला. प्रतिस्पर्धी कटवला म्हणून मी पुढे धुळ्यापर्यंत खुशीत.

धुळ्यात एकूण एक दुकानदाराने मला माझंच वाक्य ऐकवलं. मी खरं बोललो होतो, हे सगळ्यांत शेवटी मलाच कळलं.