सपाटीवरचा ब्रेक

डिचोलीच्या कॉम्प्युटर क्लासात तो रोज माझ्या शेजारी बसायचा. पन्नाशीचा, आयुष्यभर खाणीवर ट्रक चालवलेला. खाण बंद पडली म्हणून प्रोग्रामिंग शिकायला आला होता. मीही बेचाळिसाव्या वर्षी नव्यानेच शिकत होते. स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल अक्षरं दिसली की मी लिहिलेलं सगळंच पुसून टाकायची.

तो दोन बोटांनी टाइप करायचा. प्रोग्राम नीट चालला की ओळीच्या शेवटचा कंस मुद्दाम पुसायचा आणि पुन्हा चालवायचा. लाल अक्षरं आली की ती बोट ठेवून वाचायचा, मान डोलवायचा, कंस परत घालायचा. मला त्याचा रागच यायचा. एकदा न राहवून विचारलं, "चांगलं चाललेलं मोडता कशाला?"

"बाय, घाटीत गाडी घालचे आदी सपाटीर ब्रेक मारून चेक करून पळयतात," तो शांतपणे म्हणाला. "गाडी थांबता म्हणून कळ्ळें काय मागीर भंय ना."

परीक्षेच्या दिवशी तो पलीकडच्या रांगेत होता. अर्धा तास उरला होता, शिकवणाऱ्या बाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या आणि मला पहिली ओळ लिहायचाही धीर होत नव्हता. शेवटी एक सोपी ओळ लिहिली. ती चालली. मग मी तिचा कंस पुसला.

"अहो, बरोबर होतं की ते," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे," मी म्हटलं आणि लाल अक्षरांची वाट बघत बसले.