फुंका, शून्य दाखवा, चावी घ्या

शाळेच्या ऑफिसात तीन गोष्टी आपोआप साठतात. मुलांनी बसमध्ये विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या, एकेकटे सॉक्स आणि ड्रायव्हरांचे किस्से. बाटल्या आणि सॉक्स मी दर शनिवारी ज्याचे त्याला देऊन टाकते. किस्से न्यायला मात्र कोणी पालक येत नाही, त्यामुळे ते माझ्याकडेच पडून राहतात. आता इतके झालेत की थोडे तरी बाहेर काढायलाच हवेत.

कल्याणच्या एका शाळेत मी बसचं खातं बघते. कागदावर मी 'ट्रान्सपोर्ट इन्चार्ज' आहे. प्रत्यक्षात, सकाळी सहाला तीन बसच्या तीन चाव्या हातात घेऊन उभी राहणारी बाई आहे. ड्रायव्हरही तीनच. शिंदे लोकलने दिव्याहून येतात, तिशीतले, गरीब स्वभावाचे. गायकवाड चाळिशीचे, तोंडाने तिखट. आणि भोईर मामा मोहन्याकडचे, मूळचे तिथलेच. मामांची शेती गेली, तिच्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, घरात कशाची ददात नाही. पण मोहने लाइनची बस मात्र तेच चालवणार. कारण विचारलं तर म्हणतात, "हा रस्ता आमचे शेताचा बांध होता, बाय. माज्या बांधावरून दुसरा कोन गाडी चालवंल?"

*

आमच्या सेक्रेटरी साहेबांनी कुठेतरी शाळेच्या बसच्या अपघाताची बातमी वाचली आणि दारू तपासायचं, तोंडाने फुंकायचं मशीन मागवलं. नियम सोपा होता. रोज सकाळी फुंका, शून्य दाखवा, चावी घ्या.

पहिल्या दिवशी साहेब स्वतः हजर. ड्रायव्हरांना अपमान वाटू नये म्हणून म्हणाले, "आधी मी फुंकतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही." फुंकले. मशीन जोरात ओरडलं.

साहेबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. सकाळी पचनासाठी दोन झाकणं द्राक्षासव घेतात, तेवढंच. ते घेऊन गाडीत बसले होते आणि पाच मिनिटांत शाळेत पोचले होते. आसवात थोडं अल्कोहोल असतंच, ते तोंडात तसंच होतं. हे सगळं त्यांनी आम्हाला दोनदा समजावून सांगितलं. भोईर मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

"साहेब, तुमचे गारीची चावी?"

त्या दिवशी साहेब रिक्षाने घरी गेले.

*

शिंद्यांना त्या सुमारास जुळी झाली. दोन मुली. एक झोपली की दुसरी उठते, आणि दोघी झोपल्या की दिव्यात पहाटे तीनला नळाला पाणी येतं. चार महिने माणूस सलग दोन तास झोपला नव्हता. डोळे लाल, बोलणं जड. पण फुंकलं की शून्य. मी चावी द्यायचे.

एकदा बसमधल्या ताई रजेवर होत्या आणि दुर्गाडीच्या पुलाच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं होतं. शिंद्यांनी हँडब्रेक ओढला, मान खाली घातली आणि तिथेच झोपले. पुढचं ट्रॅफिक सुटलं, मागच्यांनी हॉर्न सुरू केले. पहिलीतल्या एका मुलीने खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि ओठांवर बोट ठेवून मागच्या टेम्पोवाल्याला सांगितलं, "हळू वाजवा ना. काका झोपलेत."

ट्रॅफिक हवालदार धावत आला. त्याने शिंद्यांना उठवलं, खाली उतरवलं, खिशातून मशीन काढलं. शिंदे फुंकले. शून्य. हवालदाराने पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य.

"मग काय प्रॉब्लेम आहे?" हवालदार म्हणाला. "चला, गाडी काढा."

*

त्याच आठवड्यात गायकवाडांच्या मेहुण्याची हळद होती. आमच्याकडच्या हळदीत दारू कशी वाहते ते कल्याण-डोंबिवलीकरांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी गायकवाड अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून आले. मशीनने किंचित आकडा दाखवला. मी चावी मागे घेतली.

"मॅडम, मी रात्री दहाला झोपलोय. सात तास मेल्यासारखा झोपलोय. हा शिंदे बघा, उभ्या उभ्या पेंगतोय. त्याला चावी आणि मला घरी?"

"नियम आहे, गायकवाड."

"नियम न्याय बघून केलेला नाही, मॅडम. मशीन बघून केलाय. दारूचं मशीन निघालं म्हणून दारू पकडतात. उद्या झोपेचं निघालं की शिंदे आत. बायकोशी भांडून आलेल्याचं निघालं की अर्धं कल्याण आत."

दारूची बाजू मी कधी घेणार नाही. माझा सख्खा मामेभाऊ दारू प्यायलेल्या माणसाच्या गाडीखाली आला होता. तो आजही काठी घेऊन चालतो, आणि त्याला जिना चढताना बघितलं की मला अजून राग येतो. त्यामुळे गायकवाडांना मी घरीच पाठवलं, आणि पुन्हा तसंच झालं तर पुन्हा पाठवीन. पण ते गेल्यावर शिंद्यांना चावी देण्याआधी मी त्यांना आणखी एकदा फुंकायला लावलं, हे खरं. शून्यच आलं. दिली. नियमात बसत होतं.

*

गायकवाडांनी मला एकदा चांगलंच गप्प केलं. एका पालकांनी तक्रार केली की ड्रायव्हर गाडी चालवताना फोनवर बोलतो. मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "चाळीस पोरं मागे बसलीत आणि तुम्हाला गप्पा सुचतात? दारू परवडली!"

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. सकाळपासून नऊ कॉल आले होते. नऊच्या नऊ माझे. पालक मला विचारतात, बस कुठे आली? मी गायकवाडांना विचारते, बस कुठे आली? एक कॉल तर, "पालकांची तक्रार आहे, तुम्ही फोनवर बोलता," हे सांगायला केलेला होता.

तेव्हापासून ड्रायव्हरांचे फोन बसमधल्या ताईंच्या पर्समध्ये असतात.

*

या ताईंपैकी रेखाताई म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या. त्या मामांच्या बसवर. मुलांना चढवणं, उतरवणं, ओकाऱ्या पुसणं, सगळं त्यांच्याकडे. मुलांची बटणं बसमध्येच तुटतात, म्हणून त्यांच्या पर्समध्ये सुईदोरा कायम असतो.

डिसेंबरात मी जूनच्या नव्या वर्षाची यादी लावली. त्यात रेखाताईंना गायकवाडांच्या बसवर टाकलं होतं. त्या दोन दिवस माझ्यामागे लागल्या, मला मामांच्याच बसवर ठेवा. मी म्हटलं, यंदा सगळ्याच ताईंची बदली आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनमध्ये फुंकून झाल्यावर त्यांनी टेबलावर एक सुई आणि लाल दोरा ठेवला.

"मॅडम, फुंकून झालं की हे पण ओवायला लावा. नाही जमलं तर चावी नाही."

"हे काय नवीन?"

"ज्याला झोप आलीय त्याला जमत नाही. ज्याचं डोकं तापलंय त्यालाही नाही. माझ्या आईची पद्धत आहे. आम्हाला विळीवर बसू देण्याआधी सुई ओवायला लावायची."

मला गंमत वाटली. मी हो म्हटलं.

शिंद्यांना सात वेळा जमलं नाही. आठव्यांदा ते सुई बोटांत धरूनच डुलकी घ्यायला लागले. त्यांना रेखाताईंनी स्टाफरूमच्या बाकावर झोपवलं, आणि त्यांची मुलं गायकवाडांनी दुसरी फेरी मारून आणली. गायकवाड दुसऱ्या एका दिवशी घरून भांडून आले होते, त्यांनी दोराच तोडला. पाणी पिऊन, दहा मिनिटं बसून मग ओवला. आणि "मॅडम, तुम्हीपण स्कूटरवर येता ना?" असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा मलाही चष्म्याशिवाय जमलं नाही. चष्मा मी तोवर फक्त सिरियल बघताना लावायचे. आता स्कूटरवरही लावते.

*

मामांना सुई दिली तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरली. दोरा तीनदा सुईच्या बाजूने गेला. मग सुई टेबलावर ठेवून म्हणाले, "ही बायकांची कामा. मी नाय करनार." आणि मशीनमध्ये ऐटीत फुंकून, शून्य दाखवून चावी घेऊन गेले. शून्याचा मामांना फार अभिमान. इतक्या महिन्यांत मशीन त्यांच्यावर एकदाही ओरडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आन सुई." रेखाताईंनी दिली. मामा पाठ करून उभे राहिले, खोकल्यासारखं केलं आणि वळून ओवलेली सुई दाखवली. एका झटक्यात! मी टाळी वाजवणार होते. तेवढ्यात रेखाताई म्हणाल्या, "मामा, मी लाल दोरा दिला होता."

मामांच्या हातातला दोरा पांढरा होता. घरून सुनेकडून ओवून, टोपीत टोचून आणली होती.

शिंदे, गायकवाड दोघेही हसले. मग मामांचं तोंड बघून आपापल्या बस पुसायला निघून गेले.

मी सेक्रेटरी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "मशीन शून्य दाखवतंय ना? लायसन्स आहे ना? फिटनेसचं सर्टिफिकेट?" सगळं होतं. सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांनी मामांकडे न बघताच सही केली होती, हे मामांनीच पूर्वी मला कौतुकाने सांगितलेलं. "मग सुईवरून माणसाला घरी बसवणार? कोणत्या कायद्यात आहे?"

कोणत्याच नव्हतं. चावी माझ्या हातात होती. मोहने लाइनची अडतीस मुलं आपापल्या स्टॉपवर येऊन उभी राहायची वेळ झाली होती.

"दे, बाय," मामा म्हणाले. "ह्या रस्त्यावरून मी डोले मिटून गारी नेईन."

"तेच तर, मामा."

मी चावी दिली नाही. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आपण यांच्या घरातला देव उचलून रस्त्यावर ठेवला. बांध गेला तेव्हाही कोणी त्यांच्याशी असं वागलं नसेल. त्या दिवशी मोहन्याची मुलं गायकवाडांनी दुसरी फेरी मारून आणली आणि मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले, कोणाला सांगितलं नाही.

*

पंधरा दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. रोज यायचे, गेटवर बसायचे, बदली ड्रायव्हर बस काढायला लागला की तोंड फिरवायचे. मग एक दिवस सुनेने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. दोन्ही ऑपरेशनं झाली. मार्चमध्ये मामा काळा गॉगल लावून, तपासणीचा नवा कागद घेऊन हजर. या डॉक्टरांनी वर बघून सही केली होती.

लाल दोरा पहिल्या झटक्यात ओवला. मग गॉगल काढून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "बाय, तू बरीच म्हातारी हायेस गो. मना वाटं तू चालीसची असशील."

मी चावी दिली. रेखाताई नेहमीसारख्या पुढच्या सीटवर बसल्या आणि बस मोहन्याला गेली.

परत आली ती दहा मिनिटं उशिरा. मुलं वर्गात गेली. मामा ऑफिसात आले, पण चावी टेबलावर ठेवेनात. हातातच धरून उभे.

"बाय, त्या आमचे वलनावर बालवाडी कवा झाली?"

"कुठली? पिवळ्या भिंतीची? तीन वर्षं झाली, मामा."

"रस्त्यालाच दार हाय तिचा. बारकी बारकी पोरां भायेर उभी होती. एक तर रस्त्याचे मधी." मामा खुर्चीवर बसले. चावी टेबलावर ठेवली. मग मान वर करून त्यांनी रेखाताईंकडे बघितलं. त्या हजेरीच्या वहीत डोकं घालून उभ्या होत्या.

"म्हनूनच," मामा सावकाश म्हणाले. "तीन वर्सां मी इचार करतंय, हिला रोज सकाली त्याच वलनावर कसा मलमलतं. 'मामा थांबा, मामा थांबा' करून मना गारी उभी करायला लावी. आज का नाय मलमलला गो?"

रेखाताईंनी वहीतून डोकं वर काढलं नाही.

"आज तुम्ही आपले आपणच थांबलात ना."