अक्षता पडेपर्यंत

बायको गेली. आता तिच्यावर चिडायचीसुद्धा सोय राहिली न्हाई.

मी चौथी शिकलेला माणूस, सरळ लिहितो. आम्हाला एक पोरगी, एक पोरगं. पोरगी सासरी. पोरगं कॉलेजात असताना मित्रांबरोबर येलदरीला धरण बघायला गेलं, आणि पाण्याकाठी चिलीम ओढताना पोलिसांनी सगळ्यांना धरलं. गांजा होता. कोर्टात दंड भरून सुटलं. घरी आल्यावर मी त्याला चपलेनं हाणलं. त्यानंतर त्यानं विडीसुद्धा तोंडाला लावली न्हाई.

मग भरतीच्या मागं लागलं. पहाटे झरीच्या रस्त्यानं पळायचं. धरणं, विमानतळं राखायला सरकारची बंदूकवाली फौज असते, तिच्यात निवड झाली. गावानं हलगी वाजवली. पाठोपाठ कागद आला. तुम्हाला कधी पोलिसांनी धरलं होतं का, केस झाली होती का, असं त्यात विचारलेलं.

"आबा, खरं लिहितो," पोरगं म्हणलं.

"लिही. झालं ते झालं."

बायको चुलीपासून उठून आली. "आवं, अक्कल हाय का तुमाला? पोरीच्या सोयरिकीत तिचा दमा सांगितला व्हता का आपुन?"

"ते येगळं."

"काय येगळं? अक्षता पडूस्तोवर झाकायचं. एकदा पडल्या की कोन माघारी धाडतंय? नांदायली का न्हाई पोरगी?"

पोरगी नांदतच होती. आमच्याकडं असंच चालतं. पाहुणे चौकशीला आले की सगळं गाव झाकतं. आज त्यांचं आपण झाकलं, तर उद्या आपलं ते झाकतील. पोरानं मायचं ऐकलं. "न्हाई" लिहिलं.

चौकशीला पोलीस गावात आला. बायकोनं स्थळ बघायला आल्यासारखी तयारी केली. नवं लुगडं नेसली, खायला चुरमुऱ्यांचा सुशीला केला. पारावरचे चार जण येऊन बसले.

"पोरगं म्हंजी गाय हाय, सायेब. सुपारीचं खांडबी खात न्हाई."

"दूधबी फुकून पितंय!"

पोलीस हसला. "एवढं गुणी असंल तर माझ्या पुतणीला बघतो की!"

सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त हसली, पदर तोंडाला लावून. ते हसणं मला अजून दिसतं.

ट्रेनिंग सुरू झालं. वर्दीतला फोटो आला, तो तिनं फ्रेम करून भिंतीला लावला. "पडल्या अक्षता," मला म्हणली.

पण चौकशी पारावर संपत न्हाई. धरणाकडच्या ठाण्यातून जुनी केस निघाली. पोरगं ट्रंक घेऊन माघारी आलं. मी स्टँडवर आणायला गेलो, तिथंच त्यानं सांगितलं.

"आबा, सायेब म्हणले, गांजाचं आमी बघून घेतलं असतं, केस लहान व्हती. पर तू लपवलं. लपवणाऱ्याच्या हातात बंदूक कशी द्यावी?"

त्याच चिलमीवर धरलेलं दुसरं एक पोरगं त्याच फौजेत लागलं होतं. त्यानं खरं लिहिलं. त्याला बोलावून लय झापलं, आणि ठेवून घेतलं. ते आज नोकरीत हाय.

"मायला हे सांगू नका," पोरगं म्हणलं.

"मग काय सांगू?"

"गांजापायी नोकरी गेली म्हणा."

तसंच सांगितलं. ती मरेपर्यंत त्या चिलमीला शिव्या घालत राहिली, त्या मित्रांना, धरणालासुद्धा. वर म्हणायची, "तरी बरं, आपुन लिहिलं न्हाई. न्हाईतर पैल्याच दिवशी हाकलून दिलं असतं." पोरगं खाली मान घालून भाकर मोडायचं. खरं माझ्या जिभेवर यायचं. मी पाणी प्यायचो.

शेवटच्या दुखण्यात तिनं त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे, परत वढणार न्हाईस."

त्यानं घेतली.

आता ते परभणीत एका कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर काठी घेऊन बसतं. तिथं ठेवताना कुणी काही विचारलं न्हाई. परवा जेवताना म्हणलं, "आबा, तेवढा वर्दीतला फोटो काढा भिंतीवरचा."

मी म्हणलो, "तिनं लावलाय, मी न्हाई काढणार."

त्यानं ताट उचललं आणि बाहेर जाऊन जेवलं.