लाइफबॉय सेंट्रीची जागा

फ्लीट टँकरवर पोस्टिंग झालं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. त्याआधी मी फ्रिगेटवर होतो. तिथे तोफा होत्या, क्षेपणास्त्रं होती. टँकरवर फक्त तेल. लढाऊ जहाजांवरचे लोक आम्हाला पंपवाले म्हणायचे. जेटीवर भेटले की विचारायचे, "काय पंपवाले, हवा पण भरून देता का?" समुद्रात दहा दिवस झाले की हेच लोक दुर्बीण लावून आमची वाट बघायचे.

जहाजाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते सेवेतून निवृत्त झालं आणि भंगारात गेलं. शत्रूवर त्याने कधी गोळी झाडली नाही. कोणत्या जहाजाला, कुठे, किती वेळात इंधन दिलं, हाच त्याचा इतिहास. तो आता पुस्तकरूपाने निघतो आहे. त्या काळचे आमचे फर्स्ट लेफ्टनंट, आता निवृत्त, हे काम करत आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी मला मसुदा पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं: भागवत, आफ्ट स्टेशनचा भाग तुझा. तपासून दे.

मी तपासला. त्यात एक वाक्य चुकीचं आहे. ते माझ्यामुळे चुकलेलं आहे.

मी आता भोपाळला राहतो. इथे समुद्र नाही, म्हणून आधी काम समजावून सांगतो. भर समुद्रात एका जहाजाने दुसऱ्याला इंधन देणं, याला आम्ही रास म्हणायचो. दोन्ही जहाजं थांबत नाहीत. चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवून, एकाच वेगाने, शेजारी शेजारी चालतात. आमच्याकडून आधी बारीक दोरी जाते, मग जाड दोर, मग पोलादी वायर, आणि त्या वायरीवरून होज, म्हणजे इंधनाची जाड नळी. दोन-दोन तास हे चालतं. मधल्या फटीत पाणी उसळत असतं. इंधनाने भरलेला टँकर पाण्यात खोल बसतो, त्यामुळे डेकवर लाट सहज येते. माणूस पडायला एक क्षण पुरतो.

म्हणून जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला एक माणूस उभा असतो. लाइफबॉय सेंट्री. नाव ऐकून आमच्या घरी सगळ्यांना साबण आठवला होता. त्याच्याजवळ फेकायचं रबरी कडं, धुराचा डबा आणि ब्रिजशी, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षाशी, जोडलेला फोन असतो. पाण्यात कोणी पडलं तर ते बघणारा तो एकच. त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही. दर अर्ध्या तासाने ब्रिजला सांगायचं, "सेंट्री, ऑल वेल."

मी आफ्ट स्टेशनचा, म्हणजे इंधन देण्याच्या मागच्या ठाण्याचा, पेटी ऑफिसर होतो. माझा नेहमीचा लाइफबॉय सेंट्री होता लीडिंग सीमन विश्वास शितोळे. ग्वाल्हेरचा. सव्वीस वर्षांचा. जहाजावर सगळं बोलणं हिंदीत चाले, पण आम्ही दोघं मराठीत बोलायचो. आमचं मराठी ऐकून रत्नागिरीची पोरं हसायची. विश्वास त्यांना म्हणायचा, "तुम्ही समुद्राजवळ जन्मलात, त्यात तुमचं कर्तृत्व काय? आम्ही रेल्वेने आलोय."

आमच्या जहाजावर एक प्रथा होती. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. काम संपलं की समोरचं जहाज होज सोडतं. होज विंचने, म्हणजे यंत्राच्या रहाटाने, परत येतो. शेवटी लांब जाड दोर उरतो, तो हाताने ओढावा लागतो. मोठं जहाज असलं की पुढचं फॉरवर्ड आणि मागचं आफ्ट, दोन्ही स्टेशनांवर एकाच वेळी हे चाले. ज्या स्टेशनचा दोर आधी आत येईल, त्यांना गॅलीतून चहा आणि भजी आधी. हरलेल्यांनी उरलेलं खायचं आणि संध्याकाळपर्यंत ऐकून घ्यायचं. कॅप्टनना हे माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं.

आम्ही तीन वेळा ओळीने हरलो होतो.

त्या दिवशी समोर डिस्ट्रॉयर होतं. ०८३० ला सगळे आपापल्या जागी. ०९१० ला पहिली दोरी गेली. ०९२५ ला पंप सुरू. समुद्र मध्यम, पाठीमागून लांब लाटा. ११०५ ला पंप बंद. १११० ला विश्वासने ब्रिजला ऑल वेल दिलं. ११२० ला होज परत आला.

माझ्याकडे एक माणूस कमी होता. उलट्या होत होत्या म्हणून त्याला मी खाली पाठवलं होतं. फॉरवर्डचा पेटी ऑफिसर लाउडहेलरवरून ओरडला, "आफ्ट, भजी गार खाणार की गरम?"

मी आमच्या स्टेशनवरून थेट सेंट्रीला लागणारा फोन उचलला.

"शितोळे, इकडे ये. दोर ओढायला."

"पीओ, मी सेंट्रीवर आहे."

"माहीत आहे. चार मिनिटांचं काम आहे. ये."

तो आला. ओढताना लाइफ जॅकेट आडवं येतं. त्याने ते काढून माझ्याकडे दिलं. मी ते विंचच्या हुकाला अडकवलं. पाच जण दोर खांद्यावर घेऊन डेकवर धावले. ११२६ ला दोराचं टोक आत आलं. फॉरवर्डचा अजून पाण्यात होता. विश्वास फॉरवर्डकडे बघून म्हणाला, "गरम खाणार," आणि लगेच वळून मागे निघाला. स्टेशनपासून सुपरस्ट्रक्चरच्या, म्हणजे डेकवरच्या मजल्यांच्या, बाजूने एक अरुंद वाट मागच्या टोकाला जाते. तो त्या वाटेने धावत गेला. मी त्याची पाठ पाहिली. जॅकेट हुकाला होतं, हे मला दिसत होतं. हाक मारली नाही. मी हसत होतो.

डिस्ट्रॉयर वेग वाढवून पुढे निघून गेलं. आम्ही नव्या कोर्सवर वळलो. वळताना जहाज कललं आणि डेकवर पाणी आलं, माझ्या गुडघ्यापर्यंत. आम्ही कठड्याच्या वायरला धरून उभे राहिलो. कोणीतरी म्हणालं, भज्यांत मीठ जास्त होणार.

११४० ला ब्रिजने सेंट्रीला फोन केला. उत्तर नाही. पुन्हा केला. माणूस पाठवला. जागा रिकामी. कडं जागेवर, धुराचा डबा जागेवर.

पाण्यात पडलेल्या माणसाला बघणारा माणूसच पाण्यात पडला होता. तो कुठे पडला, कधी पडला, कोणी पाहिलं नाही. चौदा मिनिटांत जहाज पाच किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

मॅन ओव्हरबोर्डचा अलार्म झाला. जहाज आलेल्या मार्गावर उलटं फिरलं. डिस्ट्रॉयरचं हेलिकॉप्टर उडालं. त्या गडबडीत मला हुकाला अडकवलेलं जॅकेट दिसलं. मी ते काढलं, काखेत धरलं, बाकीच्यांबरोबर मागच्या टोकाला गेलो आणि सेंट्रीच्या जागेवर, फोनच्या खाली ठेवून दिलं.

घाबरून केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. घाबरलो होतोच. पण जॅकेट कुठे ठेवायचं, हे मी विचार करून ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत शोध चालला. काही मिळालं नाही.

बोर्ड ऑफ इन्क्वायरी बसली. त्याच्या आदल्या दिवशी विंचवरचा यादव माझ्याकडे आला.

"पीओ, आम्ही काय सांगायचं?"

"जे पाहिलं ते."

तो उभाच राहिला.

"तुम्ही सगळे दोराकडे बघत होतात ना?" मी विचारलं.

"हो, पीओ."

"मग तेच."

बोर्डाने मला विचारलं, "सेंट्रीला जागेवरून कोणी बोलावलं होतं?" मी म्हणालो, "नाही, सर." बाकीच्यांचं लक्ष दोराकडे होतं. जॅकेट जागेवर मिळालं होतं. निष्कर्ष सरळ निघाला. सेंट्रीने जॅकेट काढलं, विनापरवानगी जागा सोडली आणि स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पाण्यात पडला. मसुद्यात हेच वाक्य आहे.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. त्यातली पुढची नऊ मी नौदलात काढली. चीफ पेटी ऑफिसर होऊन निवृत्त झालो. वडिलांचं घर भोपाळला, म्हणून इथे परत आलो. कोलार रोडला राहतो, एका शाळेच्या बसगाड्यांचं काम बघतो. विश्वासची धाकटी बहीण वंदना लग्न होऊन इथेच आलेली. साकेत नगरला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिनेच माझा पत्ता शोधून काढला. सणावाराला फोन करते. मी शक्यतो टाळत आलो.

मसुदा वाचल्यावर रविवारी दुपारी तिच्याकडे गेलो. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "अरे वा, भागवतदादा. न बोलावता आलात? थांबा, मी तारीख लिहून ठेवते."

मी बसलो. तिने चहा टाकला. आतूनच बोलत होती.

"दादा, पुस्तकासाठी विश्वासचा फोटो पाठवायचा होता न? युनिफॉर्ममधला एकच बढिया आहे, पण त्यात तो हसतोय. चालेल का?"

"चालेल. वंदना, बाहेर ये. बस जरा."

"चहा उतू जाईल."

"गॅस बंद कर."

ती आली. मी सगळं क्रमाने सांगितलं. फोन, दोर, जॅकेट, बोर्ड. वेळांसकट.

"ग्वाल्हेरला आला होतात तुम्ही," ती म्हणाली. "त्याची पेटी घेऊन. आमच्याकडे जेवलात."

"हो."

"बाबांनी तुम्हाला विचारलं होतं. माझ्यासमोर. माझा मुलगा जागा सोडेल का, म्हणून. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

"म्हणालो, मला काही माहीत नाही."

"बाबा शाळेत पी.टी. शिकवायचे. विश्वास गेला ते त्यांनी मान्य केलं. पण त्याने ड्यूटी सोडली, हे कधी मानलं नाही. कॉलनीत कोणी विषय काढला की उठून जायचे. आम्हीच त्यांना समजवायचो, की बाबा, होतं असं, सोडा आता." ती थांबली. "मी समजवायचे. शेवटच्या आजारपणात पण."



मग तिने विचारलं, "परत जाताना तो चालत गेला की धावत?"

"धावत."

"तुम्ही म्हणालात धाव म्हणून?"

"नाही. मी काहीच म्हटलं नव्हतं. तो आपणहून गेला. जॅकेट घ्यायलासुद्धा थांबला नाही. जागा रिकामी होती ना."

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, तुम्ही आता जा. हे सगळं लिहून द्या. दिलं की फोन करा. त्याआधी नको."

संध्याकाळी मी आमच्या जुन्या फर्स्ट लेफ्टनंटना फोन केला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"भागवत, तुला कळतंय का तू काय सांगतोयस? बोर्डासमोर खोटं बोललास. पुरावा हलवलास."

"येस, सर."

"जहाज भंगारात गेलं. तो निकाल कोण उघडून बघतंय आता?"

"त्याची बहीण बघते, सर."

ते म्हणाले, "लेखी पाठव. सहीनिशी. मी मुख्यालयालाही पाठवणार. नंतर मला म्हणू नकोस."

मी चार पानं लिहिली. यादवला फोन लावला. तो आता गावी शेती करतो. मी म्हणालो, तुझं नाव नको असेल तर घालत नाही. तो म्हणाला, "घाला. मी पण सही करतो. पण पीओ, एवढी वर्षं लावलीत. मी तर रोज वाट बघत होतो की तुम्ही आज बोलाल, उद्या बोलाल."

मुख्यालयाचं उत्तर अजून आलेलं नाही. जे येईल ते घेईन. वंदनाला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे." फोटो मात्र तिने पाठवला. त्यात तो खरंच हसतो आहे. टोपी किंचित तिरकी आहे, परेडला चालली नसती.

पुस्तकातलं वाक्य बदललं आहे. नवं वाक्य मी लिहिलं, सरांनी एक शब्दही न बदलता घेतलं. ते असं:

लीडिंग सीमन विश्वास शितोळे, लाइफबॉय सेंट्री. स्टेशनच्या पेटी ऑफिसरच्या आदेशावरून जागेवरून आले. काम संपताच, कोणी न सांगता, धावत आपल्या जागेकडे परत निघाले. वाटेत समुद्रात पडून मृत्यू. ड्यूटीवर.