मोठ्या काठाची टोपी

डॉक्टरांनी माझ्या पदराचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं आणि त्याच्या मागे स्वतःची बोटं हलवली.

"बोटं दिसायलेत का?"

सगळी दिसत होती.

"मग ऊनबी तसंच आत यायलंय," ते म्हणाले. "पदर घेतला म्हणजे डोकं झाकलं असं समजू नका."

चैत्रात माझ्या गालांवर आणि नाकावर लाल चट्टे उठले होते. शेतातून आले की संध्याकाळी ताप यायचा, सकाळी बोटं वळायची नाहीत. गावातल्या औषधांनी काही होईना, म्हणून हे मला बिदरला, नौबादच्या दवाखान्यात घेऊन गेले. आजाराचं नाव लांबलचक होतं. त्यातलं मला एवढंच कळलं की माझ्या अंगाला ऊन चालत नाही, आणि हे दुखणं जाणारं नाही, सांभाळायचं आहे. गोळ्या लिहून दिल्या. बाहेर पडायचंच झालं तर पूर्ण बाह्या आणि डोक्यावर चारी बाजूंनी मोठ्या काठाची, जाड कापडाची टोपी घालायला सांगितली.

टोपी हा शब्द ऐकून हे हसले. मीही हसले. आमच्या निर्णा गावातली सून टोपी घालून खुरपायला बसलीय, हे डोळ्यांसमोर येईना.

लग्न होऊन आले तेव्हापासून माझा दिवस रानात गेला. घर म्हणजे स्वयंपाक आणि झोप. आता उलटं झालं. सकाळी सगळे निघून गेले की मी मधल्या खोलीत. तिला खिडकी नाही, म्हणून तीच माझी जागा. सोप्यात यायचं तर उन्हं उतरायची वाट बघायची. अंगणातला नळ चार पावलांवर, पण दुपारी पाणी आलं तर घागर आत्याबाई भरायच्या. सासूनं घागर भरायची आणि सुनेनं उंबऱ्याच्या आत उभं राहून बघायचं! त्या तोंडानं काही बोलायच्या नाहीत. घागर मात्र खाली ठेवताना आपटायच्या.

गल्लीत दोन गोष्टी झाल्या. काहींना वाटलं मला कोड फुटलंय आणि घरचे लपवतायत. काहींना वाटलं मी सोंग करतेय. शेजारची अक्का एकदा दारातूनच म्हणाली, "उनाला भेऊन घरात बसायलीस म्हणं. शेतकऱ्याची लेक हाईस न्हाई का गं तू?" ती पूर्वी आत येऊन चुलीपाशी बसायची. त्या दिवशी आत आली नाही. ती भिऊन आली नाही की रागानं, हे मी दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत ठरवत बसले.

आधी छत्री करून बघितली. भाकरी घेऊन रानात जाण्यापुरती ठीक होती, पण खुरपायला दोन्ही हात लागतात. मग बिदरच्या स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा तोंडाला रुमाल गुंडाळला. आत श्वास कोंडला, डोळ्यांखाली पुन्हा ऊन लागलं, आणि चार दिवस चट्टे जळजळले. तेव्हा हे म्हणाले, "पुढच्या खेपेला जाऊ तवा टोपी बघू." यावेळी दोघंही हसलो नाही.

बिदरची एसटी सकाळची होती. ऊन उजवीकडून येणार म्हणून मी डावीकडे बसले. पण रस्ता एका ठिकाणी वळला आणि ऊन सरळ माझ्या मांडीवर येऊन बसलं. शेजारी दोन बायका, पायात गाठोडी, वर उभी माणसं. सरकायला जागा नव्हती. मी पिशवी तोंडासमोर धरून बसले. हे पुढे कंडक्टरपाशी उभे होते, हाक मारली असती तरी पोचली नसती. रस्ता पुन्हा सरळ झाला तोवर माझं मनगट तापून लाल झालं होतं.

दवाखाना झाल्यावर आम्ही बाजारात टोप्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा होता, दखनी उर्दूत बोलायचा.

"क्या होना अम्मा? बच्चे के वास्ते?"

"मेरे वास्ते," मी म्हणाले.

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि खोकी काढायला लागला. पहिली क्रिकेटवाली टोपी. तिला पुढंच काठ, कान आणि मान उघडी. मग गवताच्या काडीची, वर प्लास्टिकची फुलं लावलेली. किल्ला बघायला येणाऱ्या पोरी फोटोसाठी घेतात तसली. ती मी दिव्यासमोर धरली. विणीतून उजेडाचे ठिपके ठिपके पडले. ठेवून दिली. म्हाताऱ्याला माझं बघणं कळलं असावं. पुढच्या टोप्या तो स्वतःच आधी दिव्यासमोर धरून दाखवायला लागला.

एक कापडाची बरी वाटली, पण पंख्याच्या वाऱ्यानं तिचा काठ डोळ्यांवर पडायचा. एक जाड होती, पण माझ्या अंबाड्यावर बसेना, झाकणासारखी वर तरंगायची. शेवटी मी दुकानातच अंबाडा सोडून वेणी खाली घेतली आणि निळ्या कापडाची एक घातली. काठ चारी बाजूंनी चांगला वीतभर, ताठ, मागे मानेवर पडणारा पडदा, हनुवटीखाली दोरी. दिव्यासमोर धरली तर काही दिसलं नाही. आरशात बघितलं तर माझ्या तोंडावर पुरी सावली होती. किती तरी दिवसांनी माझं तोंड मला शांत दिसलं.

"कशी दिसायली?" मी विचारलं.

हे दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. गावातलं कुणी दिसतंय का, हे बघत होते ते मला माहीत होतं. "मातीच्या रंगाची न्हाई का?" ते म्हणाले. "लांबून दिसायची न्हाई."

तसल्या रंगाचीही एक दुकानात होती. पण तिला मागचा पडदा नव्हता. मी निळीच घेतली.

घरी पिशवीतून टोपी काढली तेव्हा आत्याबाई भाजी निवडत होत्या.

"हे कुणाला?"

"मला. डॉक्टरनं सांगितलंय."

"अन् कट्ट्यावर अप्पा बसलेले असतेत. त्यांच्यासमोरून पदर न घेता टोपी घालून जायलीस व्हय?"

अप्पा म्हणजे माझे सासरे. गुडघे गेल्यापासून ते दिवसभर दारातल्या कट्ट्यावर बसायचे. त्यांच्यासमोर आजवर मी उघड्या डोक्यानं गेले नव्हते. मी टोपीवरून पदर घेऊन बघितला, तो वाऱ्यानं लगेच घसरला. पदराच्या वर टोपी घातली, तर ती घट्ट बसेना. मोकळी व्हायला आणलेली वस्तू, आणि बाहेर जायच्या एकुलत्या एका दाराशी अप्पा बसलेले. टोपी मधल्या खोलीत खुंटीला लागली. मी तिच्याकडे बघत मुगाच्या शेंगा सोलल्या, वाती वळल्या, तेच ते डबे पुन्हा पुसले. कधी कधी वाटायचं, दार उघडावं आणि जळायचं तर जळावं. पण तापात पडले की हागणंमुतणंही दुसऱ्याच्या हाती, तेही भोगून झालं होतं.

भादव्यात ऊन कडक पडलं. उडीद काढायला आला होता. घरचे सगळे वरच्या रानात गेलेले. दुपारी कट्ट्यावरून अप्पांची हाक आली.

"अगं, कोण हाय का आत? म्हैस सुटली! शेजाऱ्याच्या उडदात शिरायली!"

मी उंबऱ्यापर्यंत आले. समोर अंगणभर पांढरं ऊन. अंगणापलीकडच्या तुकड्यात म्हशीची पाठ दिसत होती. अप्पा काठी टेकून उठायला बघत होते आणि पुन्हा खाली बसत होते. मी आत गेले, टोपी काढली, वेणी खाली घेतली, दोरी बांधली. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. त्यांच्या समोरून गेले, पण मी मान वळवली नाही.

म्हशीनं पळवलं. बांधावरून, ओल्या सरीतून, पुन्हा बांधावर. टोपी डोक्यावरून हलली नाही. पायांखाली रान होतं, आणि खरं सांगते, म्हैस लवकर सापडू नये असं मला वाटत होतं. शेवटी दावं हाती आलं. तिला घेऊन परत आले आणि खुंट्याला बांधलं.

अप्पा माझ्याकडे बघत होते. "वाऱ्यानं उडाली न्हाई व्हय?"

"न्हाई अप्पा. दोरी हाय खाली."

"हां." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी शेजारणीकडून आत्याबाईंना सगळं कळलं. त्या अप्पांसमोर मोठ्यानं बोलल्या, मला ऐकू जावं म्हणूनच. अप्पा म्हणाले, "डोकं झाकलेलं होतं की तिचं. अजून कामून बोलायलीस?" आत्याबाई उठून आत निघून गेल्या. त्यांना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी टोपी घालून निघाले तेव्हा त्यांनी अडवलं नाही.

उन्हाचं पथ्य मात्र सुटलं नाही. म्हशीमागे धावले त्या रात्री मनगटांवर आणि गळ्याखाली चट्टे आले, दोन दिवस ताप राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन जमिनीवरून उलटूनही लागतं, टोपी तेवढं अडवू शकत नाही. म्हणून आता मी उजाडताच रानात जाते आणि ऊन वर चढलं की परत फिरते. उन्हं उतरल्यावर पुन्हा थोडा वेळ. गल्लीत मला टोपीवाली म्हणतात. शेजारची अक्का आता आत येते. एकदा तिनं दार लोटून टोपी घालून बघितली आणि पटकन काढली.

खुरपायला बसले की माझी पात, माझ्या वाट्याची ओळ, बायकांच्या बरोबरीनं सरकते. मग अंगाखालची माती तापायला लागते, आणि मला अर्ध्यावर उठावं लागतं. माझी उरलेली पात कुणीतरी दुसरी ओढते. कोणी काही म्हणत नाही. मी बांधावरून घराकडे चालू लागते, आणि मागून त्यांचं बोलणं, हसणं ऐकू येत राहतं. घरी आल्यावर मी दार लावून घेते आणि मधल्या खोलीत जाऊन बसते.