मिश्रीचा आळ

प्रणिता माझी नणंद. विजापूरकडच्या खेड्यात वाढलेली, इंदिरानगरच्या एका कचेरीत टायपिस्ट, राहायला जे. पी. नगरात आमच्याकडे. बोलायला तिखट, पण हसताना ओढणी तोंडाशी न्यायची, कारण तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते.

१९९७ साली सगुणाबाई तिला पाहायला आल्या. मूळचं पुण्याचं, पण इथे कानडी मुलखात स्थायिक झालेलं कुटुंब, मुलगा प्राणेश कॉम्प्युटर कंपनीत. पोह्यांची बशी हातात असतानाच बाईंनी विचारलं, "मिश्री लावतेस का गं?" आमच्या भागात पुष्कळ बायका भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना घासतात, आणि एकदा लागली की ती सुटत नाही. प्रणिताने मिश्रीला कधी बोटही लावलं नव्हतं. तिने तसं सांगितलं. सगुणाबाई नुसत्या हसल्या.

नुसता नकार आला असता तर आम्ही गिळला असता. पण या बाईने इथल्या मराठी मंडळात घरोघर पसरवलं की मुलगी मिश्रीच्या नादाची आहे. पुढे आलेली स्थळं तोंड न दाखवताच परतली. माझं तर डोकंच फिरलं, कारण त्या दिवशी सगुणाबाई आमच्या न्हाणीघरात बराच वेळ होत्या आणि त्या गेल्यावर तिथे भाजक्या तंबाखूचा वास होता. माझी आई मिश्री लावायची. तो वास मी झोपेतही ओळखेन. प्रणिताला मी सांगितलं, पण बाहेर वास कुणाला दाखवणार?

प्रणिताने मनात एकच धरलं. "मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पांढरे दात घेऊन जायचं, वैनी. तिच्या तोंडावर हसायचं." तिच्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, कुठूनसा एक माणूस शोधला होता. तो ॲसिड लावून एका बैठकीत दात पांढरे करून देतो म्हणे. मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवू.

आमच्या गल्लीच्या टोकाला डॉक्टर नागरत्ना यांचा दातांचा दवाखाना होता. त्या हिंदी-कानडी मिसळून बोलत. त्यांनी दात कोरडे करून नीट पाहिले आणि ॲसिडचं ऐकताच साफ नको म्हटलं. "डाग जाईल, दाताचं कवचही जाईल. मग थंड पाणी सोसणार नाही." आधी किडलेली दाढ भरायची, हिरड्या बऱ्या करायच्या. मग दातांच्या मापाचा साचा करून त्यात सौम्य औषध घालून घरी लावायचं, झिणझिण्या आल्या तर थांबायचं. "स्वल्प स्वल्प उजळतील. अगदी पांढरे होतील असं मी म्हणणार नाही. जो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका."

"संक्रांतीपर्यंत होईल?"

"नाही."

प्रणिताचा चेहरा पडला. उठता उठता तिने विचारलं, "हा मिश्रीचा डाग नाही, हे तुम्हाला सांगता येईल?"

डॉक्टरांनी हत्याराने दात खरवडला आणि कापूस दाखवला. स्वच्छ. "मिश्रीचा थर वर बसतो, खरवडला की निघतो. हा डाग दाताच्या आत आहे. लहानपणी बोअरवेलचं पाणी प्यायलीस ना? त्यातल्या फ्लोराइडचा आहे."

घरी येताना प्रणिता रस्त्यातच थांबली. "बरं झालं, वैनी. पांढरे करून गेले असते तर ती म्हणाली असती, घासून काढली मिश्री. आता हे असेच दात नेते." मग तिने मंडळाच्या बायकांना सुचवलं की या वर्षी वाण म्हणून भांडी नको, डॉक्टर नागरत्नांकडून फुकट दंततपासणी ठेवू. सगुणाबाई महिला शाखेच्या अध्यक्ष. सगळ्यांनी होकार दिल्यावर त्या नाही कशा म्हणणार?

संक्रांतीला मंडळाच्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची मांडली. पहिली प्रणिता बसली. बायका भोवती जमल्या. डॉक्टरांनी दात खरवडून स्वच्छ कापूस समोर धरला आणि पाण्याच्या डागाचं सगळ्यांना समजावून सांगितलं. काही बायका मान खाली घालून तिळगुळाकडे बघू लागल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

"आता अध्यक्षीणबाई," प्रणिता म्हणाली. सगुणाबाई म्हणाल्या की आपले दात चांगलेच आहेत. पण शेजारणींनी हाताला धरून त्यांना बसवलं. पुढून दात खरंच लख्ख होते. डॉक्टरांना आतली गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी आरसा आत घातला, दातांच्या मागून खरवडलं आणि कापूस काळा झाला.

"तंबाखू लावता? बंद करा," त्या हळूच म्हणाल्या. पण भोवतीच्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं.

हात धुवायच्या मोरीपाशी सगुणाबाईंनी प्रणिताला गाठलं. मी मागेच होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. "बाहेर बोलू नकोस गं, प्रणिता. माझ्या प्राणेशचं लग्न व्हायचंय अजून."

प्रणिताने ओढणी बाजूला केली आणि त्या तपकिरी दातांनी मोकळं हसली.

"माझंही व्हायचंच होतं, काकू," ती म्हणाली, आणि बायकांत जाऊन बसली.