तुपाचा नाश्ता आणि चार नळ्या

लॅबमध्ये रक्ताचे नमुने आठवड्याभरात फेकून देतो. किस्से मात्र फेकवत नाहीत, साचत जातात!

जुन्या जालन्यात आमची छोटी लॅब. डॉक्टर मॅडम, नर्स सलमाआपा आणि मी टेक्निशियन. मॅडमनी एक अभ्यास काढला. रक्तात चरबी एकटी हिंडत नाही, प्रथिनांसोबत बांधलेल्या कणांतून हिंडते. त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. धडधाकट माणूस तुपकट जेवला की या कणांचं काय होतं, ते बघायचं होतं. म्हणून बारा तास उपाशी यायचं, रक्त द्यायचं, मग पुरी, तूप, श्रीखंड खायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा रक्त. एकूण चार नळ्या.

दारावर 'अभ्यासासाठी माणसं पाहिजेत' असा बोर्ड लावला. मला वाटलं, लोक सुईला घाबरतील. पहिलाच फोन आला, "श्रीखंड घरचं हाय का डेअरीचं?"

*

एक रिटायर्ड सर आले. एकदम कडक माणूस. "बारा तास अन्नाचा कण न्हाई!" म्हणाले.

नळी मशीनमध्ये फिरवली. वर स्वच्छ पिवळं पाणी यायला पाहिजे, तर आलं गढूळ! मी हळूच विचारलं, "सर, सकाळी काही घेतलं का?"

"खाल्लं काहीच न्हाई. जावई आल्ते, म्हणून पाच वाजता दोन वाट्या बासुंदी पिलो."

"सर, उपाशी यायचं होतं ना!"

सर माझ्यावरच डाफरले, "तुम्ही दिलेल्या सूचनांच्या कागदावर 'खाऊ नये' लिव्हलंय. पिऊ नये कुठं लिव्हलंय?"

त्या दिवशी मॅडमनी कागद नवा छापला.

*

जेवणानंतर सहा तास नुसतं बसायचं, कारण व्यायामानं रक्तातली चरबी लवकर उतरते आणि आमचा हिशेब चुकतो. कापड दुकानाचे शेटजी तासाभरात गायब! सलमाआपा शोधत गच्चीवर गेल्या, तर शेटजी घामाघूम होऊन सूर्यनमस्कार घालत होते.

"शेटजी, ये क्या कर रहे?"

"आपा, पुरी जिरवून राह्यलो. रिपोर्टात पास व्हायचंय!"

मॅडमनी समजावलं की इथं पास-नापास नसतं. शेटजींचा चेहराच उतरला. "मंग एवढे चाळीस नमस्कार फुकट गेले म्हणा की!"

*

धावड्याचे रामभाऊ दुधाचा धंदा करतात. चौथ्या तासाची त्यांची नळी मी स्टँडला लावली. वरचं पाणी पांढरंफटक झालेलं. रामभाऊंनी चष्मा चढवला, नळी उजेडात धरून निरखली. मला वाटलं, आता घाबरणार.

मी म्हणालो, "घाबरू नका काका, जेवणातली चरबी आहे. काही तासांत उतरते."

"घाबरतो कशाला? ह्याला फॅट किती लागली, तेवढं सांगा!"

*

आणि शहागडचं जोडपं. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान. भाऊसाहेब वाळक्या काठीसारखे, काकू अंगानं भरलेल्या. आल्या आल्या भाऊसाहेबांनी सुरू केलं, "मॅडम, हिला समजावा. तूप दिसलं की हिचा हात थांबत न्हाई. चार वर्षं झाली, डबा कपाटात कुलूप लावून ठिवलाय. चाबी माझ्या करगोट्याला."

काकू खाली मान घालून बसल्या. वाढलेलं तूपही त्यांनी आधी नवऱ्याकडं बघून, मग खाल्लं. सलमाआपांना बघवेना.

दोघांचं ताट सारखंच, मोजून दिलेलं. चौथ्या तासाच्या नळ्या मी शेजारी शेजारी लावल्या. एकीतलं पाणी जवळपास स्वच्छ. दुसरी दुधासारखी.

"बघा!" भाऊसाहेब पांढऱ्या नळीकडं बोट करून म्हणाले. "मी सांगत न्हवतो?"

सलमाआपांनी नळी फिरवून नाव दाखवलं. "भाऊसाब, ये आपकी है."

भाऊसाहेबांनी नाव दोनदा वाचलं. "नळ्या बदलल्या असतील."

"लेबलवर सही तुमचीच आहे," मी म्हणालो.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अंगावरून कळत नाही, भाऊसाहेब. कुणाच्या रक्तातून चरबी लवकर उतरते, कुणाच्या उशिरा."

काकूंनी पदर सावरला. खुर्चीवरून सावकाश उठल्या आणि नवऱ्यापुढं हात पसरला.

"चाबी द्या."